फोपनारला कोणी विचारणार आहे का?

मध्य प्रदेशच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या फोपनार गावी १९६४ साली जमिनीतून सात धातूच्या बुद्धमूर्ती निघाल्या. वाकाटककाळाशी जोडल्या जाणाऱ्या या मूर्ती पाचव्या-सहाव्या शतकातल्या मानल्या जातात. दख्खनमधले त्या काळाचे धातुकाम फारच थोडे हाती लागले आहे, त्यामुळे भारतीय धातुशिल्पावर लिहिणाऱ्या अभ्यासकाला फोपनारचे नाव टाळता येत नाही. या निधीतल्या मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. आता त्या संग्रहालयाचे घरच बदलायचे आहे. नॉर्थ ब्लॉक आणि साउथ ब्लॉकमध्ये ‘युगे युगीन भारत’ हे नवे राष्ट्रीय संग्रहालय उभारण्याची घोषणा २०२३ मध्ये झाली. तळघर आणि तीन मजले, साडेनऊशे दालने, १ लाख १७ हजार चौरस मीटर क्षेत्र आणि पाच हजार वर्षांची कहाणी आठ विषयांत, असा तो आराखडा. या कामासाठी एका फ्रेंच संग्रहालय-सल्लागार संस्थेशी डिसेंबर २०२४ मध्ये करारही झाला. एवढ्या मोठ्या प्रमाणावर वस्तूंची फेरमांडणी पुन्हा कित्येक दशके होणार नाही. म्हणून ती पक्की होण्याआधी लोकांना विचारले पाहिजे, आणि विचारण्याची सुरुवात दिल्लीतल्या सभागृहापासून न करता वस्तू ज्या गावांच्या मातीतून निघाल्या तिथून केली पाहिजे.

मांडणी म्हणजे सजावट, ती कुठे कशी केली तरी वस्तू तीच राहते, असा समज आपल्याकडे पक्का आहे. फोपनारच्या मूर्तींवरून तो तपासून पाहता येतो. यातला उभा बुद्ध नीट पाहावा. अंगावर एकच चीवर, ते डाव्या हातात काठाशी धरलेले, उजवा हात पुढे आलेला. कापड अंगाला इतके चिकटून आहे की आतला देह जाणवतो. काही मूर्तींत उजवा खांदा उघडा आहे आणि वस्त्राच्या वळ्या धातूवर रेघांनी काढल्या आहेत. ही रीत कृष्णा-गोदावरीच्या मुखाकडची, अमरावतीच्या परंपरेतली. उलट चेहऱ्याची आणि देहाची घडण पाहताना अजिंठ्याच्या लेण्यांतले उभे बुद्ध आठवतात. अजिंठा इथून सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटर. म्हणजे पूर्व किनाऱ्याची शैली आणि सह्याद्रीच्या कुशीतली शैली तापीच्या खोऱ्यात एका जागी भेटलेल्या दिसतात. हे अपघाताने घडलेले नाही. प्रतिष्ठानाहून माहिष्मतीमार्गे उज्जैनीला जाणाऱ्या जुन्या वाटेचा उल्लेख पाली ‘सुत्तनिपाता’त बावरीच्या शिष्यांच्या प्रवासात येतो. दक्षिणेतून उत्तरेला जाणाऱ्याला तापी ओलांडावीच लागे, आणि पुढे ज्या खिंडीवर असीरगड उभा राहिला तीही याच बाजूला.

आता या मूर्ती मांडायच्या कशा? धातूच्या मूर्ती एका दालनात हा एक मार्ग झाला. मग फोपनारचा बुद्ध चोळकालीन नटराजाचा शेजारी होतो आणि पाहणाऱ्याच्या मनात ओतकामाचे तंत्र राहते. ‘गुप्तकाळ, भारतीय कलेचे सुवर्णयुग’ असे मोठे दालन करून त्यात त्या ठेवता येतील. तसे झाले तर वाकाटकांचे नाव पाटीवरच्या बारीक अक्षरांत जाईल, आणि विदर्भापासून तापीपर्यंतच्या प्रदेशाने स्वतंत्रपणे काय घडवले हा प्रश्नच उठणार नाही. बौद्ध दालनात ठेवल्या तर धर्माची कहाणी पुढे येईल. आणखी एक मार्ग आहे, तो म्हणजे निधी म्हणून सातही एकत्र मांडायच्या. त्या एकत्र पुरलेल्या सापडल्या, याचा अर्थ कोणी तरी, कधी तरी, कशाच्या तरी भीतीने किंवा काळजीने त्या एकत्र ठेवल्या. वेगवेगळ्या हातांच्या मूर्ती एका विहारात कशा जमल्या असतील, त्या पूजणारे कोण असतील, हे प्रश्न सात मूर्ती शेजारी शेजारी उभ्या असतील तरच सुचतात. त्यातली सर्वांत देखणी एक निवडून तिच्यावर प्रकाशझोत टाकला आणि उरलेल्या साठाघरात ठेवल्या, तर उत्तम शिल्प दिसेल पण निधीची साक्ष बुजेल. यांतली एकही मांडणी शास्त्रीयदृष्ट्या चूक नाही. म्हणूनच त्यांतली निवड निव्वळ शास्त्राची राहत नाही. देशाने स्वतःविषयी काय सांगायचे, याची ती निवड आहे.

ती निवड देशाची असेल तर देशाला विचारणे ओघाने येते. राष्ट्रीय संग्रहालयाचा जन्मच मुळी इतरांनी दिलेल्या वस्तूंतून झाला. १९४७-४८ च्या हिवाळ्यात लंडनच्या बर्लिंग्टन हाऊसमध्ये भारतीय कलेचे मोठे प्रदर्शन भरले होते. त्यासाठी प्रांतोप्रांतीच्या संग्रहालयांनी आपल्याकडची उत्तम शिल्पे पाठवली. ती परत आल्यावर दिल्लीत मांडली गेली आणि १५ ऑगस्ट १९४९ रोजी राष्ट्रपती भवनातच राष्ट्रीय संग्रहालय सुरू झाले. जनपथावरच्या इमारतीत ते डिसेंबर १९६० मध्ये आले. आज तिथल्या वस्तूंची संख्या दोन लाखांच्या वर आहे, आणि त्यांतला मोजका भागच दालनांत दिसतो. गावात पुरातन ठेवा निघाला की १८७८ च्या कायद्याप्रमाणे त्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्याला द्यायची, आणि मग तो सरकारजमा व्हायचा. हे योग्यच आहे. तसे नसते तर असल्या मूर्ती वितळवल्या गेल्या असत्या किंवा तस्करांच्या हाती गेल्या असत्या. पण गावाने ठेवा द्यायचा आणि त्यानंतर त्या ठेव्याच्या बाबतीत त्या गावाशी एक अक्षरही बोलायचे नाही, हा त्या कायद्याचा अर्थ नव्हे. विश्वस्ताला निर्णयाचा अधिकार असतो, तसे हिशेब सांगण्याचे कर्तव्यही असते.

या देशात लोकांना विचारायची पद्धतच नाही, असेही म्हणता येत नाही. फोपनारच्या हद्दीत उद्या मोठी खाण निघायची ठरली तर पर्यावरण प्रभाव मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार तिथेच किंवा अगदी जवळ जनसुनावणी घ्यावी लागेल. तिची तीस दिवस आधी सूचना द्यावी लागेल, प्रकल्पाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागेल, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा वरिष्ठ प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असेल आणि लोकांनी मांडलेले मुद्दे सुनावणीच्या शेवटी त्यांच्याच भाषेत वाचून दाखवावे लागतील. या सुनावण्या कित्येकदा कशा उरकल्या जातात हे सर्वांना ठाऊक आहे, तरीही नियम आहे आणि त्याचा आधार घेऊन माणसे भांडू शकतात. नवे कायदे करतानाही मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवावा, असे केंद्राचे २०१४ पासूनचे धोरण आहे. त्याच मातीतून पंधराशे वर्षांपूर्वीच्या मूर्ती निघाल्या आणि त्यांची कहाणी नव्याने सांगायची वेळ आली, तर मात्र विचारण्याची कसलीच रीत नाही.

दिल्लीतल्या सरकारी इमारतींची नवी रचना करणाऱ्या सेंट्रल व्हिस्टा प्रकल्पाच्या जमीनवापर बदलावर २०२० मध्ये १,२९२ हरकती आल्या होत्या आणि त्यांची सुनावणी फेब्रुवारीत दोन दिवसांत आटोपली. सर्वोच्च न्यायालयाने ५ जानेवारी २०२१ रोजी दोन विरुद्ध एक अशा बहुमताने प्रकल्प वैध ठरवला. त्या निकालात न्यायमूर्ती संजीव खन्ना यांनी वेगळे मत नोंदवले. लोकांना पुरेशी आणि समजेल अशी माहितीच दिली नसेल तर हरकती मागवण्याला अर्थ उरत नाही, हा त्यांच्या मतातला गाभ्याचा मुद्दा. नवे संग्रहालय त्याच आराखड्याचा भाग आहे. इमारतीच्या बाबतीत जे राहून गेले ते निदान आतल्या मांडणीच्या बाबतीत भरून काढता येईल.

यावर पहिला आक्षेप तज्ज्ञांचा येतो आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. मूर्तीचा काळ, धातूचे पृथक्करण, लेखाचे वाचन, काचपेटीतली आर्द्रता ही मतदानाने ठरवायची बाब नव्हे. बरोबर. पण या गोष्टी विचारायला कोणी सांगतच नाही. पाचवे शतक की सहावे, हे अभ्यासकांनीच ठरवावे. सात मूर्ती एकत्र दाखवाव्यात का, पाटीवर गावाचे नाव कुठे आणि केवढे असावे, नकाशा असावा का, हिंदी-इंग्रजीखेरीज आणखी कोणत्या भाषेत ऐकता यावे, बुद्धासमोर हात जोडून क्षणभर उभे राहायला जागा ठेवावी का, हे प्रश्न मात्र अभिरक्षकाच्या पदवीने सुटत नाहीत. अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या कलासंग्रहालयाने आपली सगळी दालने नव्याने मांडून २००७ मध्ये ती पुन्हा उघडली. त्या कामात सामान्य प्रेक्षकांचे गट बोलावून पाट्यांचे आणि मांडणीचे कच्चे मसुदे त्यांच्यापुढे ठेवले गेले. कोणते चित्र चांगले यावर मते मागवली नाहीत. लोकांना काय कळते, काय कळत नाही आणि कशाशी नाते जुळते, हे विचारले. निर्णय अभिरक्षकांनीच घेतले, पण ऐकून घेतले.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. दार उघडले की आधी सामान्य माणूस आत येत नाही, संघटित गट येतात. इतिहासाच्या नावाखाली काय होऊ शकते हे महाराष्ट्राने ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यात भांडारकर संस्थेवरच्या हल्ल्यात पाहिले आहे. अमेरिकेतही १९९५ मध्ये हिरोशिमावर बॉम्ब टाकणाऱ्या विमानाभोवती स्मिथसोनियन संस्थेने आखलेले प्रदर्शन माजी सैनिकांच्या संघटना आणि संसद सदस्यांच्या दबावाखाली मूळ रूपात होऊ शकले नाही. बुद्धमूर्तींच्या बाबतीतही कोणी ‘हा आमचा’ म्हणेल, कोणी ‘हे दाखवूच नका’ म्हणेल. ही भीती खोटी नाही. पण या उदाहरणांकडे बारकाईने पाहिले तर त्यांत सल्लामसलत जास्त झाली म्हणून बिघडले असे दिसत नाही. एका ठिकाणी तर ती नव्हतीच, थेट हल्ला होता. दबाव फावतो तो बंद दाराआड, कारण तिथे एका फोनवर पाटी बदलते आणि का बदलली हे कोणाला कळत नाही. सुनावणी उघड असेल, प्रत्येक सूचना नोंदली जात असेल आणि मान्य-अमान्य का केली याचे लेखी कारण संग्रहालय छापत असेल, तर अभिरक्षकाच्या हातात ढाल येते. ‘ही सूचना आम्ही पुराव्याअभावी स्वीकारली नाही’ हे वाक्य जाहीर नोंदीत असणे, हा विद्वत्तेला मिळालेला आधार आहे. मंत्रालयातून येणाऱ्या तोंडी आदेशाविरुद्ध असा आधार आज कुठल्याही सरकारी अभिरक्षकाजवळ नाही.

तिसरा आक्षेप नाजूक आहे. आजच्या फोपनारचा पाचव्या शतकातल्या भिक्षूंशी संबंध काय? गावात केळीची शेती करणारे लोक आहेत. परिसरात मराठी, हिंदी, निमाडी, उर्दू, कोरकू बोलणारी कुटुंबे आहेत. त्यांच्यातले कोणीही त्या विहाराचे वारस असल्याचे सिद्ध होणार नाही. मान्य. वारसाहक्काच्या पायावर मी ही मागणी करतच नाही. तिचा पहिला पाया ज्ञानाचा आहे. पुरातत्त्वात वस्तूइतकीच ती निघाली ती जागा बोलते, आणि नांगराला किंवा कुदळीला लागून निघालेल्या ठेव्याची अडचणच ही असते की त्या जागेचा शास्त्रशुद्ध तपशील नोंदला गेलेला नसतो. मूर्ती किती खोल होत्या, उभ्या होत्या की आडव्या, भोवती विटा होत्या की खापरे, त्या शेताला काय नाव होते, शेजारी टेकाड होते का, नंतर तिथे आणखी काही निघाले का, हे पाहणाऱ्याच्या आठवणीत असते. १९६४ साली जो दहा वर्षांचा होता तो आज सत्तरी ओलांडून गेला आहे. म्हणजे ही साक्ष गोळा करायला फार अवधी नाही. संग्रहालयाचा अभिरक्षक नोंदवही घेऊन गावच्या ओट्यावर बसला तर त्याला लोकांचे म्हणणे तर मिळेलच, त्याखेरीज त्याच्या कागदपत्रांत नसलेली माहितीही मिळेल. त्या माहितीची छाननी पुढे उत्खननाने किंवा जुन्या नोंदींशी ताडून करता येईल. काही आठवणी चुकीच्या निघतील, तेही कळेल. पण ज्याला काही सांगायचे आहे त्याला विचारलेच नाही तर छाननीला काहीच उरत नाही.

दुसरा पाया वर्तमानाचा. १४ ऑक्टोबर १९५६ च्या बौद्ध धम्मदीक्षेनंतर विदर्भ-खानदेशात आणि त्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशच्या पट्ट्यात बुद्ध हा लाखो घरांत रोजच्या वंदनेचा विषय आहे. राष्ट्रीय संग्रहालयात पिप्रहवा इथून मिळालेले बुद्धाचे अस्थिधातू थायलंडने दिलेल्या सोनेरी मंडपात ठेवले आहेत आणि त्यांच्यासमोर देशोदेशीचे उपासक नतमस्तक होतात. संग्रहालयाने ते मान्य केले आहे, त्याला जागा दिली आहे. मग त्याच इमारतीतल्या दख्खनच्या बुद्धमूर्तींसमोर जळगावची, बुलढाण्याची, बुऱ्हाणपूरची एखादी उपासिका कशी उभी राहील, हा प्रश्न मांडणी करणाऱ्याच्या कागदावर असायला नको का? न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाने, ‘ते पापा’ने, १९९८ मध्ये दारे उघडली तेव्हापासून माओरी वस्तूंच्या बाबतीत त्या समाजाचे म्हणणे ऐकणे हे तत्त्व म्हणून पाळले आहे. तिथे वंशाचा दुवा स्पष्ट आहे, इथे तो नाही; श्रद्धेचा आणि भूमीचा आहे. दुवा वेगळा म्हणून तो क्षुल्लक ठरत नाही.

राहिला सर्वांत व्यवहारी आक्षेप: विचारायला गेलात तर लोक मूर्तीच परत मागतील. मागतीलही. मागू द्यावे आणि खरे उत्तर द्यावे. नालंदाच्या स्थळ-संग्रहालयातून १९६१ मध्ये चौदा मूर्ती चोरीला गेल्या. त्यांतली एक लंडनमध्ये सापडून परत यायला २०१८ साल उजाडले. सात धातुमूर्ती सांभाळण्याची व्यवस्था आज बुऱ्हाणपुरात नाही, त्यामुळे मूळ मूर्ती दिल्लीत असाव्यात असेच माझेही मत आहे. पण ‘दिल्ली की गाव’ एवढेच दोन पर्याय नसतात. रामटेकजवळच्या हमलापुरीला मिळालेल्या, फोपनारच्या सख्ख्या भावंडांसारख्या वाकाटककालीन बुद्धमूर्ती नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहेत. या दोन निधींना काही महिन्यांसाठी का होईना एका छताखाली आणणारे प्रदर्शन नागपूरला होऊ शकते, दिल्लीला होऊ शकते. लंडनच्या संग्रहालयातली वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याला ठराविक मुदतीसाठी आली आणि ती पाहायला लोक लोटले. कडक अटींवरची उसनवारी आपल्याला जमते, हे त्यातून दिसले. राष्ट्रीय संग्रहालयाने २०१५ मध्ये दृष्टिहीनांसाठी स्पर्श करता येणाऱ्या प्रतिकृतींचे दालन उघडले आहे. म्हणजे उत्तम प्रतिकृती करण्याचे कसबही घरात आहे. बुऱ्हाणपुरात सात प्रतिकृती, त्यांच्यासोबत निधीची पूर्ण कहाणी आणि दिल्लीतल्या पाटीवर बुऱ्हाणपूर जिल्ह्याचे नाव, यांतले काहीच अवघड नाही. मूर्ती निघाल्या तेव्हा हा भाग पूर्व निमाड जिल्ह्यात होता, बुऱ्हाणपूर जिल्हा १५ ऑगस्ट २००३ रोजी झाला, त्यामुळे पाट्यांवरचा आणि नोंदींतला जिल्ह्याचा उल्लेख तपासून घेणे एरवीही गरजेचे आहे.

सांस्कृतिक मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीत राज्यांच्या संग्रहालय अधिकाऱ्यांची तीन दिवसांची परिषद घेतली, हे नमूद केले पाहिजे. ते पाऊल चांगले होते. पण तिथे बोलावलेले सगळे याच व्यवसायातले होते, आणि अधिकाऱ्याने अधिकाऱ्याला विचारणे म्हणजे लोकांना विचारणे नव्हे. पुढचे पाऊल खर्चाचेही नाही. दालनांत मांडल्या जाणाऱ्या वस्तूंपैकी ज्यांचे सापडल्याचे ठिकाण निश्चित माहीत आहे अशा वस्तूंची यादी मंत्रालयाने गाववार छापावी. दायमाबादची ताम्रशिल्पे असोत की फोपनारचे बुद्ध, प्रत्येक ठिकाणच्या जिल्हाधिकाऱ्याकडे प्रस्तावित मांडणीचा आराखडा, पाटीचा मसुदा आणि छायाचित्रे पाठवावीत. तिथल्या भाषेत, आणि फोपनारच्या बाबतीत ती एक भाषा नाही, तर मराठी, हिंदी, उर्दू आणि कोरकूही, तीस दिवसांची सूचना देऊन बैठक घ्यावी. बैठकीला दिल्लीहून अभिरक्षकाने स्वतः यावे, कनिष्ठ लिपिकाला पाठवू नये. लोकांचे म्हणणे आणि त्यावर संग्रहालयाचे उत्तर तीन महिन्यांत छापावे. फोपनारपुरते बोलायचे तर ही बैठक पावसाळ्याआधी, केळीच्या कामाची घाई नसताना ठेवावी, आणि १९६४ सालचे ज्यांना आठवते त्यांना बोलावणे घरी जाऊन द्यावे.